४९ दिवस पेटीत: नाशिकच्या एका एनआयसीयूचा अनुभव

रुग्णालयाचं नाव लिहिणार नाही, कारण बिलाचं भांडण अजून मिटलेलं नाही. नाशिकमधलं, खासगी, अठरा पेट्यांचं, एवढं पुरे. एनआयसीयू म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, आणि पेटी म्हणजे बाळाला उबेत ठेवायचं इन्क्युबेटर. आत्ता या घटकेला कुणी रुग्णालयाच्या जिन्यात बसून मोबाइलवर ‘चांगलं एनआयसीयू’ शोधत असेल, तर त्याच्यासाठी हे लिहितोय. मीही तसाच शोधत होतो. मिळालं काय, तर ‘स्टाफ चांगला आहे, पार्किंगची गैरसोय.’ अरे बाबा, पार्किंगचं कोण विचारतंय!

माझं संगमनेर तालुक्यात दूध संकलन केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळ मिळून बाराशे लिटरच्या आसपास दूध येतं. सांगायचं कारण एवढंच, की वजन, माप आणि नोंद यांची मला हाताला सवय आहे. त्या ४९ दिवसांत मी रोज वही लिहिली. खालचे आकडे त्या वहीतले आहेत.

७ जुलै २०२४, रविवार. बायकोचे पाय चार दिवसांपासून सुजलेले होते, तिकडे आम्ही ‘गरोदरपणात सुजतातच’ म्हणून दुर्लक्ष केलं. संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे. संगमनेरच्या डॉक्टरांनी बीपी पाहिलं तर १७० वर ११०. लघवीत प्रोटीन. त्यांनी दोन इंजेक्शनं दिली. एक आईला झटके येऊ नयेत म्हणून आणि एक बाळाची फुफ्फुसं पिकावीत म्हणून स्टेरॉइडचं. दुसरा डोस चोवीस तासांनी. मग म्हणाले, “इथे थांबू नका. बाळाला पोटात असतानाच नाशिकला न्या. पोटाइतकी चांगली अ‍ॅम्ब्युलन्स अजून निघालेली नाही.” त्या माणसाने त्या रात्री एक रुपया जास्त घेतला नाही. निम्मं श्रेय मी तिथेच देऊन टाकतो.

दुसरा डोस नाशिकला सोमवारी रात्री झाला आणि मंगळवारी सकाळी सिझर. साडेएकोणतीस आठवडे. मुलगी. ११४० ग्रॅम.

माझ्या आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “सातव्यातलं आहे ना? मग जगतंय. आठव्यातलं असतं तर मला घोर लागला असता.” हे मी डॉक्टरांना सांगितलं. ते हसले नाहीत, हे मला आवडलं. म्हणाले, आजींना सांगा, आठव्यातलं असतं तर मीच निवांत घरी जेवायला गेलो असतो. पोटात काढलेला एकेक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. आईला ते अजून पटलेलं नाही.

पहिल्या तासात जे झालं त्याबद्दल या रुग्णालयाला पूर्ण गुण. लेक रडली, पण कण्हल्यासारखी. छाती आत ओढली जात होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं की फुफ्फुसातल्या फुग्यांना आतून एक साबणासारखा थर असतो, तो हिच्यात अजून पुरेसा तयार नाही, म्हणून श्वास सोडला की फुगे मिटतात आणि चिकटतात. मला लगेच कळलं. दुधाची रिकामी पिशवी धुऊन ठेवली की आतून चिकटते, बोटाने सोडवावी लागते, तसं. त्यावर सर्फॅक्टंट नावाचं औषध बारीक नळीतून थेट श्वासनलिकेत सोडतात. जनावरांच्या फुफ्फुसातून काढलेलं असतं ते. आमच्या कागदावर गायीचं होतं. कुपी महाग, पण विचारायला थांबले नाहीत. आधी दिली, सही नंतर घेतली. चार तासांत बाहेरून द्यावा लागणारा ऑक्सिजन साठवरून तीस टक्क्यांवर आला.

मग सीपॅप, म्हणजे नाकातून सतत हलक्या दाबाने हवा. नाकात दोन छोट्या नळ्या, आणि दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत पाच सेंटिमीटर बुडवलेलं. त्या पाण्यात सतत बुडबुडे येतात, चहाच्या आधणासारखे. एवढ्या लाखांच्या यंत्रांमध्ये सगळ्यात साधं तेच, आणि लेकीची फुफ्फुसं उघडी ठेवली ती त्यानेच. बुडबुडे थांबले तर कुठेतरी गळती आहे, हे सिस्टरांनी मला दुसऱ्या दिवशी शिकवलं. त्यानंतर काचेपाशी गेलो की मी आधी बाटलीकडे बघायचो, मग लेकीकडे.

कॅफीनही सुरू होतं. कॉफीत असतं तेच. एवढ्या लवकर आलेली बाळं श्वास घ्यायलाच विसरतात, वीस-वीस सेकंद, म्हणून मेंदूला जागं ठेवायला. आई म्हणाली, “एवढीशी पोर, नि आत्तापास्नं कॉफी?”

आता दुधाचं. यावर मला जरा जास्त लिहायचंय.

पहिल्या दिवशी तोंडातून पोटात घातलेल्या नळीने दर दोन तासांनी १ मिलिलिटर. म्हणजे दिवसाला १२. आमच्या धंद्यात गर्बर पद्धतीने फॅट काढायला एका वेळी १०.७५ मिली दूध लागतं. एका तपासणीत मी जेवढं दूध आम्लात ओततो, जवळजवळ तेवढ्यावर माझ्या लेकीचा दिवस निघत होता. घरी बाराशे लिटर येतंय आणि इथे तिच्या आईला पंपाने तासभर झटून चमचाभर चीक निघतोय. तो चीक सिरिंजमध्ये घेऊन मी दुसऱ्या मजल्यावरून चौथ्या मजल्यावर पळायचो. लिफ्टची वाट बघायची नाही, असं मी मनाशी ठरवलेलं.

तिसऱ्या दिवशी ड्यूटीवरच्या एका डॉक्टरने सांगितलं, आईचं पुरत नाही, पावडरचा डबा आणा. मी खालून आणलाही. रात्रपाळीच्या सिस्टरांनी डबा बघितला आणि म्हणाल्या, “दादा, आजची रात्र थांबा. वहिनींना दर तीन तासांनी उठवा, रात्री दोनचा पंप चुकवू नका. याच बाळांचं आतडं सगळ्यात नाजूक असतं. आईचं दूध त्यांच्यासाठी औषध आहे.” त्या नंदुरबारकडच्या. रात्री दोनला त्या स्वतः खालच्या वॉर्डात फोन करायच्या, उठवलं का म्हणून. पाचव्या दिवशी दूध भरून आलं. डबा मी सीलबंद परत केला. मेडिकलवाल्याने पैसे परत दिले नाहीत, ते वेगळं.

या रुग्णालयात मिल्क बँक नाही, ही मोठी उणीव. मुंबईत सायनच्या महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध बँक सुरू केली. त्याला आता पस्तीस वर्षं होऊन गेली. अठरा पेट्यांचं युनिट चालवणाऱ्यांनी निदान जवळच्या एखाद्या बँकेशी जोडून तरी घ्यायला हवं. ज्या आईला दूध आलंच नाही तिने काय करायचं? आमच्या शेजारच्या पेटीतल्या जुळ्यांना डबाच लागला.

पुढे वजन वाढेना म्हणून आईच्या दुधातच एक पावडर मिसळायला लागले, प्रथिनं आणि कॅल्शियमसाठी. मी सिस्टरांना म्हटलं, आमच्याकडे दुधात पावडर मिसळली तर केंद्राला कुलूप लागतं. पहिल्यांदा त्या वॉर्डात कुणी मोठ्याने हसलं असेल.

आता तक्रार. पहिले अकरा दिवस माझ्या बायकोला लेकीला हात लावू दिला नाही. काचेबाहेरून दहा मिनिटं, संध्याकाळी पाचला. ‘इन्फेक्शन होईल.’ टाके ओले असताना ती व्हीलचेअरवर यायची, काचेला कपाळ टेकायची आणि परत जायची. मला माझं काही वाटलं नाही, पण ज्या बाईचं दूध आत चालतं तिचे हात चालत नाहीत, याचा हिशोब मला लागेना. बरं, नियम सगळ्यांना सारखा असता तर सोसलं असतं. नवव्या दिवशी कुणा पुढाऱ्याचं नातेवाईक कुटुंब चपलांसह आत जाऊन आलं. हात धुताना मी तरी पाहिले नाहीत.

बाराव्या दिवशी नव्या डॉक्टर मॅडम रुजू झाल्या आणि सगळं पालटलं. त्यांनी पहिल्याच फेरीत विचारलं, “आई कुठेय हिची?” तासाभरात बायको आत, मागे रेलायची खुर्ची, अंगात समोरून उघडणारा गाऊन, आणि लेक सीपॅपच्या नळ्यांसकट तिच्या छातीवर. वर दुपटं. मॅडमनी उभ्या-उभ्या सांगितलं की ही कांगारू पद्धत कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये सुरू झाली. तिथे पेट्याच कमी होत्या, एका पेटीत दोन-तीन बाळं ठेवावी लागत, म्हणून डॉ. एडगर रे यांनी बाळं आयांच्या छातीला बांधायला घेतली. म्हणजे गरिबीचा जुगाड. आणि २०२१ मध्ये एक मोठा अभ्यास आला, त्यात दिल्लीचं सफदरजंगही होतं. एक किलो ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्यापासूनच आईच्या छातीवर ठेवलं तर मृत्यू पंचवीस टक्क्यांनी कमी झाले. पुढल्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनेही हेच सांगितलं, बाळ स्थिर व्हायची वाट बघू नका, लगेच घ्या. मी वहीत लिहून घेतलं, आणि खाली लिहिलं: ‘मग अकरा दिवस?’

त्या दिवशी छातीवर असताना रक्तातला ऑक्सिजन ९३-९४ टक्क्यांवर असा स्थिर राहिला की मॉनिटर बंद पडलाय की काय असं मला वाटलं. आधी जन्मवजन भरून यायला तेरावा दिवस उजाडला होता. पाचव्या दिवशी ती १०२५ पर्यंत उतरली होती. सुरुवातीला उतरतंच, घाबरू नका, असं आधी सांगितलेलं असूनही मी त्या दिवशी जेवलो नाही. कांगारू सुरू झाल्यावर रोज वीस, बावीस, कधी तीस ग्रॅम. सकाळचं दूध घेऊन झालं की सव्वासहाला माझा फोन जायचा. पलीकडून नमस्कार वगैरे नाही, नुसता आकडा यायचा.

मीही घेतलं. शर्टाची बटणं काढून दोन तास. वॉर्डातल्या मावशी येता-जाता म्हणायच्या, “बाप्याच्या छातीत ऊब असते व्हय!” असते. लेकीचं डोकं माझ्या मुठीएवढं होतं, आणि तिचा श्वास माझ्या श्वासाच्या दुप्पट-तिप्पट वेगाने चालायचा. मी हळूहळू श्वास घेत बसायचो, जणू ती बघून शिकणार होती.

२७ जुलैची रात्र. मी बाहेरच्या बाकावर होतो. तिचा श्वास थांबायला लागला, तासात चारदा. तळपाय चोळला की परत चालू. नंदुरबारच्या सिस्टर एकट्या चार बाळं बघत होत्या. त्यांना यंत्राच्या आधी कळलं. त्या म्हणाल्या, “रंग आवडला नाही मला हिचा.” डॉक्टरांना उठवलं, रक्त तपासायला पाठवलं, दूध बंद केलं आणि अहवालाची वाट न बघता प्रतिजैविक सुरू केलं. सकाळी सीआरपी, म्हणजे रक्तातली संसर्गाची खूण, वाढलेला आला. पुढले तीन दिवस वहीत नुसत्या वेळा आहेत, बाकी काही लिहिलेलं नाही. रक्त चढवलं, १८ मिली. चौथ्या दिवशी परत १ मिली दूध, पहिल्यासारखं, पहिल्यापासून. संसर्ग कुठून आला हे कुणी सांगू शकत नाही आणि मी कुणावर बोट ठेवत नाही. पण चार बाळांमागे एक सिस्टर हे रात्रीचं गणित मला चुकीचं वाटतं, आणि दिवसाचा दर मात्र रात्रीही तोच लागतो.

डोळ्यांची तपासणी चार आठवडे पूर्ण झाल्यावर, ६ ऑगस्टच्या मंगळवारी. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून ठळक सांगतो. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अर्धवट असतात, त्या पुढे वाकड्यातिकड्या वाढल्या तर दृष्टी जाऊ शकते. बाहेरून डोळा बघून काहीही कळत नाही. तुमच्या रुग्णालयाने विषय काढला नाही तर तुम्ही काढा. तारीख चुकवू नका. आमच्याकडे दुसरा झोन, पहिला टप्पा, म्हणजे दोष अगदी सुरुवातीचा, निघाला. लेसर लागलं नाही, पण दर पंधरवड्याला तपासणी. तपासणी बघवत नाही, बापाने बाहेर थांबावं. डोक्याची सोनोग्राफीही टाळूतून दोनदा झाली, रक्तस्राव नव्हता.

चौतीस आठवडे भरल्यावर चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा ताळमेळ जमायला लागतो, तेव्हा नळी काढून पळीने दूध सुरू केलं. तिथली स्टीलची पळी बघून आईचा चेहरा उजळला. “हे तर बोंडलं!” गावाहून तिने माझ्या लहानपणीचं चांदीचं बोंडलं आणलं, सिस्टरांनी ते वीस मिनिटं उकळलं आणि वापरलंही. आठवा महिना, कॉफी, काच, सगळ्यांत हरत आलेली आई तिथे एकदाची जिंकली.

जागेबद्दल दोन शब्द. स्वच्छता चांगली, आवाज कमी, रात्री दिवे मंद करतात, पेट्यांवर कापडी आच्छादन. बाहेर नातेवाइकांसाठी मात्र सहा खुर्च्या आणि एक पंखा. आणि भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली, ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. म्हणून मी दुसरा दरवाजा शोधला. होता, पण समोर सलाइनच्या खोक्यांची थप्पी. तक्रार वहीत लिहिली. खोकी दोन दिवस हलली, मग परत आली. मी रोज जाता-येता ती बाजूला सरकवायचो, वॉर्डातले मामा रोज परत लावायचे. आम्ही कधी एकमेकांशी बोललो नाही.

बिल. पाच लाख सत्तर हजार आणि वर काही. महात्मा फुले जनआरोग्य योजना इथे चालत नाही, हे चौथ्या दिवशी कळलं, तोवर बाळ हलवण्याजोगं नव्हतं. तुम्ही दारातच विचारा. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात उपचार मोफत असतात. आमच्या गावातल्या एकाचं १३०० ग्रॅमचं बाळ तिथूनच धडधाकट घरी आलं. माझ्या डोक्यात तेव्हा ते आलंच नाही, कारण ‘सरकारी’ म्हटलं की आपण पुढचं ऐकत नाही. अंतिम बिलात काविळीच्या निळ्या दिव्याचे नऊ दिवस लावले होते. माझ्या वहीत चार. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, सिस्टिममध्ये नऊ आहेत. मी म्हटलं, सिस्टिमने दिवा बघितला का? मी बघितलाय, रोज, तासनतास. शिवाय सीपॅपच्या नळ्यांचे तीन संच, त्यातला एक उघडलेलाच नाही. त्यावर पत्रव्यवहार चालू आहे.

२७ ऑगस्टला सुट्टी मिळाली. १९०५ ग्रॅम. दहीहंडीचा दिवस, रस्त्यावर डीजे, काचा थरथरतायत, आणि ४९ दिवस कुजबुजीत वाढलेली पोर मागच्या सीटवर आईच्या छातीला बांधलेली. शहराबाहेर पडेपर्यंत मी कपाळाला आठ्या घालून गाडी चालवली. मागे वळून बघतो तर ती गाढ झोपलेली.

घरी आल्यावरच्या सूचना त्यांनी मराठीत छापून दिल्या, हे फार बरं केलं. गुटी नाही, मध नाही, धुरी नाही. टाळूवर तेल हलक्या हाताने, कानात-नाकात एक थेंबही नाही. लसी जन्मतारखेप्रमाणे, पण बसणं-रांगणं मोजायचं ते बाळंतपणाच्या मूळ अपेक्षित तारखेपासून, म्हणजे आमच्या बाबतीत २० सप्टेंबरपासून. भावकीतल्या बायका ‘आठ महिन्यांची झाली, अजून बसत नाही?’ म्हणाल्या की आई आता त्यांना साडेपाच महिन्यांचा हिशोब ऐकवते, वर ‘डॉक्टरांना विचारून या’ असंही म्हणते.

पाचपैकी किती तारे, ते मला ठरवता येत नाही. यंत्रं आणि पहिल्या तासाचे डॉक्टर, पाच. बिलिंग, एक, तोही काउंटरवरच्या मुलाने पाणी विचारलं म्हणून. अकरा दिवस आईला बाहेर ठेवलं त्याला शून्य. तुम्ही जाल तिथे व्हेंटिलेटर कुठल्या कंपनीचा हे विचारू नका, आपल्याला त्यातलं कळत नाही. रात्री किती बाळांमागे एक सिस्टर, आणि आई आत कधी जाऊ शकते, हे विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर गाडीतून उतरूच नका.

परवा फॉलोअपला गेलो होतो. सहा किलो दोनशे. कानांची बेरा तपासणी (ऐकू येतं का, ते बघायची) नॉर्मल, डोळ्यांची शेवटची तपासणीही झाली. पेढे घेऊन चौथ्या मजल्यावर गेलो, तर नंदुरबारच्या सिस्टर तिथे नव्हत्या. दिवाळीनंतर सोडून गेल्या म्हणाले. कुठे, ते कुणाला सांगता येईना. कळलं तर त्यांच्या नव्या रुग्णालयाचं नाव मात्र इथे खाली पूर्ण पत्त्यासह लिहीन.